अप्पांना विचार

"वडील १९९९ मध्ये कारगिलच्या लढाईत गेले तेव्हा मी आईच्या पोटात होते. पुढं आईचं लग्न धाकट्या काकांशी लावून दिलं. त्यांना मी अप्पा म्हणते. दर २६ जुलैला गावात पुतळ्यापाशी कार्यक्रम होतो, मला स्टेजवर बसवतात. अप्पा खुर्च्या लावतात आणि मागं स्पीकरपाशी उभे राहतात. यंदा शाळेनं मला भाषण करायला सांगितलंय. पण मला रडू येत नाही, काही वाटतच नाही. आजी म्हणते, बापाची लेक शोभत नाहीस. मावशी, मी कृतघ्न आहे का?"
— मोहोळ तालुक्यातली वाचक, सध्या सोलापूर

लेकी,

नाही. जो माणूस तू पाहिलाच नाहीस, त्याच्यासाठी माइकसमोर डोळ्यांत पाणी यावं ही हौस कार्यक्रमवाल्यांची. ती तू कशाला अंगावर घेतेस?

सोलापुरात येता-जाता चार हुतात्म्यांचे पुतळे पाहत असशील. १९३१ साली येरवड्यात फाशी गेलेले ते चौघं घरात कसे वागायचे, कशावरून चिडायचे, हे हार घालणाऱ्या किती जणांना माहीत असतं? गावाचं तेवढ्यावर भागतं. तुझं भागत नाही, म्हणून तर पत्र लिहिलंस.

माझं लक्ष मात्र अडकलं ते त्या स्पीकरपाशी. अगं, त्या माणसाचा सख्खा भाऊ गेलाय! एका ताटात जेवलेला, एका वाकळेत झोपलेला. आधीच्या युद्धांत बहुतेक जवानांचे अंत्यसंस्कार तिकडंच व्हायचे. कारगिलच्या वेळी शवपेट्या गावोगाव आल्या. तुमच्या गावात आली असेल, तर खांदा द्यायला अप्पा असणारच. आणि मग भावजयीशी लग्न. तुझ्या आईला कुणी विचारलं होतं का, अप्पांना विचारलं होतं का, देव जाणे. सरकारी कागदही तेच शिकवायचे: विधवेनं पुन्हा लग्न केलं, तर शौर्यपदकाचा भत्ता चालू राहायचा तो दिराशीच केलं असेल तर. ही अट २०१७ साली निघाली. तुझ्या वडिलांना पदक होतं की नाही तू लिहिलं नाहीस, पण हवा तीच होती. पैसा घरात, सूनही घरात. मला त्याची अजून चीड येते.

अप्पांना बाप मानतेस यात वडिलांचा काही अपमान नाही, हे आधी मनात पक्कं कर. आणि वडिलांबद्दल त्यांनाच विचार. "बाबा कसे होते" असं विचारशील तर "लई चांगला होता" एवढंच हाती लागेल. भरतीसाठी पळायला कुठल्या रस्त्यानं जायचे? मास्तरांचा मार कशावरून खाल्ला? सुट्टीवर आले की आजीकडं पहिलं काय मागायचे? शेतात, हात कामात असताना विचार. समोर बसवून विचारलंस तर ते तंबाखू मळत उठून जातील.

आजीच्या पलंगाखाली ट्रंक आहे का बघ, काळी, पांढऱ्या रंगात नाव-नंबर घातलेली. किल्ली मागायला अप्पांना सोबत ने. पत्रं निघाली तर त्यांत लढाई शोधू नकोस. तिकडून येणाऱ्या पत्रांत पाऊस झाला का, म्हैस व्याली का, हेच जास्त असायचं. वडिलांच्या युनिटमधले सोबती आता निवृत्त झाले असतील. त्यांच्यापर्यंत कसं पोचायचं हे जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचार. आणि जमलं तर अप्पांना दिल्लीला घेऊन जा. इंडिया गेटजवळच्या राष्ट्रीय समर स्मारकात ग्रॅनाइटच्या विटांवर शहिदांची नावं कोरलीत. कर्नाटक एक्स्प्रेस सोलापूरवरूनच जाते.

आजीशी वाद घालू नकोस. आपल्यामागं पोराचं नाव काढून रडणारं कुणी उरणार नाही, या धास्तीनं ती बोलते. तिच्यासाठी स्टेजवर बस, अप्पांची खुर्ची शेजारी लावायला सांग. भाषण मात्र करू नकोस. पुढं कधी सांगण्यासारखं काही सापडलं तर तेव्हा बघू.

मुख्याध्यापकांना आत्ताच कळव. एकदा पत्रिकेत नाव छापलं की गावात माघार घेता येत नाही, हे तुला मी काय सांगायचं!

— मावशी