घरी केलेला पर्जन्यमापक खरा आकडा देतो का? पाचवीतल्या मुलीला त्यावरून उद्याचा पाऊस सांगता येईल का?

देतो. आणि तिचा आकडा बातम्यांशी जुळत नाही म्हणून कुणी खोडायला सांगितला, तर अजिबात खोडू देऊ नका. विज्ञान प्रदर्शनांतल्या परीक्षकांशी माझा वाद याच मुद्द्यावर होतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, त्याच वेळी कुलाब्याला ७५ मिमीच्याही आत. एकाच मुंबईत! मग वेधशाळेचाच आकडा तुमच्या अंगणात यावा, हा हट्ट कशासाठी?

चूक शोधायची तर उपकरणात शोधा. शीतपेयाची बाटली कापायची, वरचा भाग उलटा खोचायचा, बाहेरून पट्टी चिकटवायची, एवढंच सगळीकडे शिकवतात. त्या बाटलीचा तळ पाकळ्यांचा असतो, त्यामुळे पट्टीचे खालचे काही सेंटीमीटर चुकीचे येतात, आणि हलका पाऊस नेमका तिथेच मोजला जातो. भिंत सरळ होते तिथपर्यंत आधी पाणी भरा, शून्याची खूण तिथे करा.

त्याहून नरसाळं बरं. तोंडाचा आतला व्यास ११.३ सेंमी असेल तर क्षेत्रफळ १०० चौ. सेंमी भरतं, म्हणजे १० मिली पाणी = १ मिमी पाऊस. औषधाच्या मापाने मोजता येतं. नरसाळं खोल हवं, उथळ असलं तर थेंब उसळून बाहेर जातात. बाटलीच्या तोंडात ते घट्ट बसवू नका. आतली हवा अडकून पाणी वरच तुंबतं. २ लिटरची बाटली २०० मिमीला भरते, म्हणून कोकणात असाल तर मुसळधार दिवशी मध्येच मोजून रिकामी करा आणि बेरीज लिहा.

नरसाळ्याची कड जमिनीपासून ३० सेंमी वर ठेवा. झाड किंवा भिंत जितकी उंच, त्याच्या निदान दुप्पट अंतर सोडा. मोजायचं सकाळी ८.३० ला, हवामान खात्याची वेळ तीच. शहरात अंगण नसेल तर गच्चीचा मध्य चालेल, पण वाऱ्यामुळे पाऊस थोडा कमी भरतो; वहीत जागा नोंदवाच.

उद्याचा पाऊस यावरून कळत नाही. त्यासाठी वायुदाब, वाऱ्याची दिशा आणि ढग रोज एकाच वेळी लिहायला लावा. आपल्याकडे वायुदाब दिवसातून दोनदा आपोआपच चढतो-उतरतो. सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडला तर पाऊस नसतानाही दाब घसरल्यासारखा वाटेल.