विकास पत्रकारिता : फीत कापल्यानंतरची बातमी

‘विकास पत्रकारिता म्हणजे सरकारी योजनांची गोडगोड प्रसिद्धीच ना? तसं नसेल तर विकसनशील देशांत ती नेमकं काय करते आणि तिचं घोडं अडतं कुठे?’ असं तुम्ही विचारलंय. शंका रास्त आहे आणि जुनीही आहे.

ही कल्पना आकाराला आली फिलिपिन्सची राजधानी मनिलात, १९६०च्या दशकात. ‘प्रेस फाउंडेशन ऑफ एशिया’ या संस्थेभोवती जमलेल्या पत्रकारांपैकी ॲलन चॉकली यांनी १९६८ मध्ये आर्थिक विषयांवर लिहिणाऱ्यांसाठी अभ्यासवर्ग घेतला. शेती, लोकसंख्या, अर्थसंकल्प हे विषय ज्याच्या जगण्यावर त्यांचा परिणाम होतो त्या माणसाला कळतील असे लिहायचे, एवढं साधं सूत्र. चारच वर्षांनी त्याच फिलिपिन्समध्ये राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांनी लष्करी कायदा पुकारला आणि वृत्तपत्रांना टाळं ठोकलं. ‘देश गरीब आहे, उभारणी चालू आहे, आत्ता टीका नको’ हा युक्तिवाद आशिया-आफ्रिकेतल्या कितीतरी राजवटींनी वापरला. तुमच्या मनातली ‘गोडगोड’ प्रतिमा आली ती तिथून. युनेस्कोनं नेमलेल्या मॅकब्राइड आयोगाच्या १९८०च्या अहवालात जगातला बातम्यांचा ओघ श्रीमंत देशांकडून गरीब देशांकडे एकतर्फी वाहतो ही तक्रार मांडलेली होती. तक्रार खरीच होती, पण घरच्या पत्रकारांची मुस्कटदाबी करणाऱ्यांनीही ती ढाल म्हणून पुढे केली.

मग खरं काम कोणतं? अमर्त्य सेन यांचा दाखला इथे नेहमी दिला जातो आणि नेहमी अर्धाच दिला जातो. लोकशाही आणि बऱ्यापैकी मुक्त वृत्तपत्रं असलेल्या स्वतंत्र देशात मोठा दुष्काळबळींचा प्रसंग आलेला नाही, हे त्यांचं निरीक्षण. १९५८ ते ६१ दरम्यान चीनमध्ये कोट्यवधी माणसं भुकेनं मेली आणि तिथल्या वृत्तपत्रांत त्याचा मागमूस नव्हता. पण सेन पुढे असंही दाखवतात, की दुष्काळ टाळणाऱ्या भारतात रोजची अर्धपोटी भूक मात्र शिल्लक राहिली. उपासमारीनं झालेला मृत्यू ही बातमी होते. वर्षानुवर्षं कमी वजनाची मुलं जन्माला येणं ही बातमी होत नाही, कारण ते कुठल्याही एका दिवशी घडत नाही. माझ्या मते विकास पत्रकारितेचं सगळं काम, आणि सगळं दुखणंही, याच फटीत आहे.

पाणीयोजनेचं उदाहरण घ्या. उद्घाटनाची बातमी प्रेसनोटवरून अर्ध्या तासात होते : टाकीची क्षमता, खर्च, फीत कापतानाचा फोटो. विकासाची बातमी त्यानंतरच्या उन्हाळ्यात असते. पंपाचं वीजबिल कोण भरतं? पंप चालवणाऱ्याला पगार मिळतो का? विहिरीला तेव्हा पाणी होतं का? आणि शेवटच्या नळावर जा. टाकीजवळच्या घरांत धो धो पाणी आणि उताराच्या वरच्या वस्तीत बादली भरायला तास, हे कागदावर कधीच दिसत नाही. ‘इतके टक्के घरांना नळजोडणी’ या आकड्यात कोरडा नळही मोजलेला असतो. दुपारी तिथे फक्त पुरुष भेटले, तर पाणी भरणाऱ्या बायकांना विचारल्याशिवाय परतू नका.

कागद आणि माणूस समोरासमोर आणण्याचं सर्वांत धारदार उदाहरण पत्रकारांनी नव्हे, राजस्थानातल्या मजदूर किसान शक्ती संघटनेनं घालून दिलं. १९९४ पासून त्यांनी जनसुनावण्यांत सरकारी कामांची हजेरीपत्रकं गावासमोर मोठ्यानं वाचली. कामावर कधी न गेलेल्यांच्या, अगदी मेलेल्यांच्या नावावरही मजुरी काढलेली निघाली. २००५च्या माहिती अधिकार कायद्यामागे ही चळवळ आहे.

अडचणींत सेन्सॉरशिप सगळ्यांना दिसते. मला त्याहून चिवट वाटतो तो पैशाचा प्रश्न. लहान वृत्तपत्राचा मोठा जाहिरातदार बहुधा सरकारच असतं. जाहिरात बंद करायला कुठलाही कायदा लागत नाही, एक फोन पुरतो. खालच्या पातळीवर तर बातमी पाठवणाऱ्यालाच जाहिराती गोळा करायला लावतात. ज्या कंत्राटदाराकडून वाढदिवसाची पुरवणी भरून घ्यायची, त्याच्याच रस्त्याची खडी तो कशी मोजणार?

दुसरीकडे देणगीदार संस्था आहेत. दौरा त्यांचा, गाडी त्यांची, भेटणारे लाभार्थीही त्यांनीच निवडलेले. त्यांच्या खर्चानं जायला हरकत नाही (नाहीतर कित्येकांना जाताच येणार नाही), पण खर्च कुणाचा ते बातमीत लिहा आणि यादीबाहेरची दोन-चार घरं स्वतः गाठा.

बाकी संपादकांची नाराजी, जागेची टंचाई हे आहेच. १९६९ मध्ये संपादक बी. जी. व्हर्गीस यांच्या काळात ‘हिंदुस्तान टाइम्स’नं हरियाणातल्या छातेरा या एकाच गावावर नियमित सदर चालवलं होतं. म्हणजे मोठ्या दैनिकालाही हे जमतं, पण त्यासाठी बातमीदाराला पुन्हा पुन्हा त्याच गावी पाठवण्याची तयारी लागते, आणि ती आज फार थोड्या ठिकाणी आहे.

तुम्हाला सुरुवात करायची असेल तर नवी घोषणा सोडा. तीन-चार वर्षांपूर्वी पूर्ण झालेली एखादी लहान योजना घ्या, तिचं मूळ अंदाजपत्रक मिळवा आणि ते हातात घेऊन जागेवर जा. अधिकाऱ्याची बाजू शेवटी घ्या, पण घ्याच. बऱ्याचदा पैसा खाल्लेला नसतो, देखभालीची तरतूदच कुणी केलेली नसते. ती बातमी घोटाळ्याइतकी चमचमीत नाही. तरी द्या, कारण पुढच्या योजनेचं अंदाजपत्रक तीच माणसं करणार आहेत.