खालसा, विलीन की बळकावलं?

भाचीचा काल रात्री मेसेज, मामा, नोट्समध्ये लिहिलंय '१८७१ मध्ये जर्मनीने अल्सेस-लॉरेन खालसा केले', पण खालसा तर आपल्याकडची संस्थानं झाली ना, फ्रान्सचा मुलूख कसा खालसा होईल, मी विलीन लिहू का?

विलीन नको गं बाई. विलीन म्हणजे विरघळणं, साखर दुधात जाते तसं. आपलं अक्कलकोट १९४८ ला विलीन झालं, सही होऊन. अल्सेसच्या लोकांना कुणी विचारलंच नव्हतं, तिथून निवडून आलेले प्रतिनिधी बोर्दोला भरलेल्या फ्रान्सच्या राष्ट्रीय सभेत निषेध वाचून उठून गेले, ह्याला कसलं विलीनीकरण म्हणायचं.

आता खालसा. मूळ अरबी, खालिस म्हणजे शुद्ध, भेसळ नसलेलं, आपलं 'निखालस' पण तिथलंच. मुलखाच्या हिशोबात जहागिरी-इनामाची गावं वेगळी आणि ज्यांचा सारा मधे कुणी न खाता थेट सरकारात जमा होतो ती खालसा. म्हणून डलहौसीनं सातारा, झाशी, नागपूर खालसा केलं म्हणतात, मधला राजा काढला आणि वसूल थेट कंपनीकडं. लढाई पाहिजेच असं नाही, साताऱ्यात कुठं झाली? पंजाब मात्र १८४९ ला लढाईनंतर घेतला, आणि गंमत बघ, शीख खालशाचंच राज्य खालसा झालं, शब्द एकच!

मला पण आधी वाटलं नोट्सवाला चुकला. पण जर्मनीनं तो मुलूख साम्राज्यातल्या प्रशिया राज्याला दिला नाही की शेजारच्या बव्हेरिया राज्याला नाही, थेट साम्राज्याचा म्हणून ठेवला, त्यांचा शब्दच 'राइख्सलांड'. म्हणजे अगदी खालसा मुलूखच की! लिहिणाऱ्याला माहिती होतं का नुसतं तीर लागला ते देव जाणे. (लॉरेन अख्खं नव्हतं बरं का, एक भागच गेला.)

बळकावलं, गिळलं हे ज्याचा गेला त्याचे शब्द, पेपरात भांडायचं असेल तर वापर.

आणि आपल्या सोलापूरच्या किल्ल्याला तर चौथाच शब्द लागतो, आंदण. विजापूरच्या आदिलशहाची बहीण मरियम अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहाला दिली तेव्हा सोलापूर आणि साडेपाच परगणे आंदण कबूल झाले, दिले नाहीत, मग कित्येक वर्षं लढाया, शेवटी चांदबिबी विजापूरला सून म्हणून गेली तेव्हा अहमदनगरनं हाच किल्ला आंदणात दिला, तालिकोटच्या १५६५ च्या लढाईआधी. लग्नात मुलूख घेतला तर खालसा नाही गं म्हणत.

१८१८ ला इंग्रजांनी किल्ला घेतला त्याला पण आपल्यात कुणी खालसा म्हणत नाही, पेशवाई 'बुडाली' म्हणतात. तू नोट्समधलं वाक्य तसंच ठेव, फक्त 'अल्सेस आणि लॉरेनचा काही भाग खालसा केला' असं कर.