पाळीची नोकरी आणि शाळेचा फुटबॉल संघ : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात मी गुणवत्ता तपासणी विभागात काम करतो. आमची पाळी दर आठवड्याला बदलते. महाविद्यालयात असताना फुटबॉल खेळलो असल्याने मिरजेतील एका माध्यमिक शाळेने १७ वर्षांखालील मुलांच्या संघाला शिकवण्याची विनंती केली आणि गेल्या हंगामापासून मी ते काम पाहतो आहे. शाळेचे क्रीडाशिक्षक कबड्डीचे आहेत; त्यांचा विरोध नाही, पण फुटबॉल सारा माझ्यावरच आहे. दुसऱ्या पाळीत संध्याकाळ जाते, रात्रपाळीनंतर अंगात त्राण उरत नाही आणि सामने नेमके कामाच्या दिवशी दुपारी असतात. घरी पत्नीची नाराजी वाढली आहे. नोकरी सांभाळून हे खरोखर जमते का, की शाळेला नाही म्हणावे?
– एक वाचक, मिरज

उत्तर : जमते, परंतु आपण आज ज्या पद्धतीने करीत आहात त्या पद्धतीने फार काळ जमणार नाही. पत्रावरून असे दिसते की संघाचे सगळे वेळापत्रक आपल्या पाळीला टांगलेले आहे. आपण मोकळे असाल तेव्हा सराव होतो आणि नसाल तेव्हा मुले चेंडू घेऊन नुसती खेळतात किंवा घरी जातात. हे उलट करायला हवे. सरावाचे वार आणि वेळ शाळेने वर्षभरासाठी कायम ठरवावेत, आणि त्यांतील कोणत्या सरावांना आपण येऊ शकता हे आपण पाळीचा तक्ता लागताच क्रीडाशिक्षकांना कळवावे.

हिशेब मांडून पाहा. समजा, मंगळवार आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर आणि रविवारी सकाळी असे आठवड्याला तीन सराव ठेवले आणि आपली साप्ताहिक सुट्टी रविवारी आहे. पहिल्या पाळीच्या आठवड्यात तिन्ही सराव आपल्याला मिळतात. दुसऱ्या पाळीत फक्त रविवार मिळतो. रात्रपाळीच्या आठवड्यात दुपारी झोप झाली असेल तर संध्याकाळचे दोन मिळतात. मात्र शनिवारची रात्र जागून रविवारी सकाळी मोटारसायकलने मैदान गाठण्याचा मोह टाळावा, कारण कुपवाड-मिरज रस्त्यावर पेंगत गाडी चालवण्याइतका कोणताही सराव महत्त्वाचा नसतो. म्हणजे तीन आठवड्यांतील नऊपैकी सहा सराव आपले झाले. शालेय संघासाठी हे प्रमाण मुळीच वाईट नाही. प्रश्न उरतो तो बाकीच्या तिनांचा.

ते तीन सराव क्रीडाशिक्षकांकडे द्यावेत. त्यांना फुटबॉलचे डावपेच ठाऊक नसले तरी बिघडत नाही. दुखापती कमी व्हाव्यात म्हणून फिफाने तयार केलेला ‘११+’ हा वॉर्मअप साधारण वीस मिनिटांचा असून धावणे, तोल सांभाळणे, उडी मारून गुडघा आत झुकू न देता जमिनीवर उतरणे अशा पंधरा व्यायामांचा त्याचा क्रम ठरलेला आहे, आणि आठवड्यातून किमान दोनदा तो केला तरच त्याचा उपयोग होतो. हा क्रम एकदा मुलांच्या अंगवळणी पडला की कर्णधार तो घेऊ शकतो. त्यानंतर छोट्या मैदानावर चार विरुद्ध चार असे सामने लावावेत. त्यांत प्रत्येक मुलाला चेंडू वारंवार मिळतो आणि शिक्षकाने केवळ वेळ व शिस्त पाहिली तरी पुरते. शिक्षक कबड्डीचे आहेत ही मला तर जमेची बाजू वाटते, कारण पायाची ठेवण आणि दमसास यांत त्यांची नजर आपल्यापेक्षा पक्की असण्याचा संभव आहे. मात्र एखादी मोठी व्यक्ती हजर नसताना केवळ कर्णधाराच्या भरवशावर सराव होऊ देऊ नये. डोक्याला मार लागलेल्या मुलाला त्या दिवशी पुन्हा खेळवायचे नसते, आणि हा निर्णय दहावीतल्या मुलावर सोडता येत नाही.

सामन्यांचे दुखणे वेगळे आहे. शालेय स्पर्धा जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत होतात. त्या बहुधा बाद पद्धतीच्या असतात, त्यामुळे हरलात तर एका दिवसात सुटका आणि जिंकलात तर रजा वाढत जाते. शालेय फुटबॉलच्या सुब्रतो चषकाचे पाहा. १९६० साली सुरू झालेल्या या स्पर्धेत जिल्हा, विभाग, राज्य आणि मग राष्ट्रीय फेरी असा प्रवास असतो. सांगली जिल्हा कोल्हापूर विभागात येत असल्याने पुढच्या फेरीत गाठ पडते ती तालमींच्या फुटबॉल संघांचे सामने पाहत वाढलेल्या कोल्हापूरच्या मुलांशी. तिथवर पोहोचण्याची आशा असेल तर रजा आधीपासून राखून ठेवावी लागते. कामगार कायद्यानुसार वीस दिवसांच्या कामामागे एक दिवस पगारी रजा साठते, ती लग्नसराईत उधळून टाकू नये. सरावासाठी रजा कधीच मागू नये. सामन्यासाठीसुद्धा आधी सहकाऱ्याशी पाळी बदलून घेता येते का ते पाहावे, पर्यवेक्षकांची संमती लेखी घ्यावी आणि सहकाऱ्याची परतफेड त्याने आठवण करून देण्याआधी करावी. ज्या सामन्याला जाणे शक्यच नसेल, त्याची जबाबदारी क्रीडाशिक्षकांनी घ्यावी आणि खेळाडूंची यादी व बदलीचा क्रम आपण आदल्या दिवशी त्यांना लिहून द्यावा. फोनवरून मैदानाबाहेरच्या मुलाला सूचना देत बसू नये; त्याने शिक्षकांचा अधिकारही जातो आणि मशिनवरचे आपले लक्षही.

प्रवेशिका, जन्मतारखेचे दाखले, ओळखपत्रे या कागदांना आपण हातही लावू नये. ते शाळेचे काम आहे आणि शाळेचेच राहावे. मुलांशी निरोपांची देवाणघेवाण क्रीडाशिक्षक व पालक असलेल्या गटावरच करावी, एकेका मुलाशी रात्री स्वतंत्र बोलणे टाळावे. पोक्सो कायदा लागू झाल्यापासून, म्हणजे २०१२ पासून, शाळा याबाबत काटेकोर झाल्या आहेत, आणि ते योग्यच आहे.

पत्नीच्या नाराजीबद्दल आपण एकच ओळ लिहिली आहे, म्हणून मीही थोडक्यात लिहितो. सहा सरावांचा वरचा तक्ता मुख्याध्यापकांना देण्याआधी पत्नीला दाखवावा आणि दिवाळीनंतर स्पर्धा आटोपल्या की रविवारची सकाळ घराला परत द्यावी. शाळेला हे मान्य नसेल, त्यांना दररोज हजर राहणाराच प्रशिक्षक हवा असेल, तर मात्र नाही म्हणावे. फिरत्या पाळीच्या माणसाने ते वचन देऊ नये.

प्रश्न : मी सातारा येथे राज्य शासनाच्या एका कार्यालयात लिपिक आहे. येथील एका शाळेच्या मुलींच्या फुटबॉल संघाला शिकवण्यासाठी शाळा मानधन देऊ इच्छिते. ते घ्यावे का? प्रशिक्षकाचा परवाना आवश्यक आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : मानधन घ्यायचे असेल तर आधी कार्यालयप्रमुखांची लेखी परवानगी घ्यावी. शासकीय कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ लागू असून पूर्वपरवानगीशिवाय दुसरे सशुल्क काम करण्यास त्यांत मनाई आहे. विनामूल्य शिकवणार असलात तरी कार्यालयाला कळवून ठेवलेले बरे. सामन्याच्या दिवशी किरकोळ रजेचा अर्ज करताना कारण लपवावे लागत नाही.

शाळेच्या संघाला शिकवण्यासाठी परवान्याची सहसा अट नसते, तरी तो घ्यावा. अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या परवान्यांची शिडी ‘ई’ आणि ‘डी’ या पायऱ्यांपासून सुरू होते. ‘डी’चा वर्ग सलग काही दिवस चालत असल्याने त्यासाठी अर्जित रजा शिल्लक ठेवावी लागेल. मुलींचा संघ बाहेरगावी नेताना शिक्षिका सोबत असलीच पाहिजे; ती कोण असेल हे शाळेकडून जूनमध्येच ठरवून घ्यावे, कारण स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी कोणीच मोकळे नसते.