उंदराला नैराश्य कसलं?

प्रश्न आला आहे: लॅमोट्रिजिन या आकडीवरच्या औषधाचा 'नैराश्यतारोधक' (अँटिडिप्रेसंट) गुण उंदरांवर तपासला, असं वाचलं. हा शब्द बरोबर आहे का?

नाही. नैराश्य हेच भाववाचक नाम, त्याला पुन्हा 'ता' कशाला? सौंदर्यता, औदार्यता, नैराश्यता ऐकून कान किटले!

पण 'ता' काढूनही शब्द इथे बसत नाही. नैराश्य म्हणजे आशा संपणं. पोर्सोल्ट या संशोधकांच्या १९७७च्या चाचणीत उंदराला उभ्या नळकांड्यात, पाय टेकणार नाहीत इतक्या पाण्यात सोडतात. आधी तो धडपडतो, भिंतीवर चढू बघतो. मग नाक पाण्याबाहेर राहील एवढंच हलत तरंगत राहतो. ते निश्चल सेकंद मोजायचे; औषधाने ते घटले, तर औषधात हा गुण आहे असं धरायचं. लॅमोट्रिजिनने ते कमी झाल्याचे प्रयोग आहेत. यात आशा कुणी मोजली? उंदीर फक्त दम राखतो, असंही काही संशोधक मानतात.

इथे 'अवसाद'च हवा. अव म्हणजे खाली, सद् म्हणजे बसणं. अवसाद म्हणजे खाली बसत जाणं, खचणं. याच सद् चा प्रसाद, म्हणजे मुळात निवळणं! गाळ तळाशी बसला की पाणी निवळतं, म्हणून संस्कृत कवींचं शरदातलं पाणी 'प्रसन्न' असतं. प्रसन्न, विषण्ण, अवसन्न ही सख्खी भावंडं. अर्जुनाची गात्रं गळाली तेव्हा तो 'सीदन्ति मम गात्राणि' म्हणतो, तोही सद्. आणि गीतेच्याच सहाव्या अध्यायात मनाबद्दल 'नात्मानमवसादयेत्', म्हणजे स्वतःला खचू देऊ नये, असं येतं. देहाचं गळणं आणि मनाचं खचणं, दोन्ही एका धातूत मावतात. उंदराचं आपल्याला दिसतं ते देहाचंच, म्हणून हा शब्द त्याला लावता येतो.

'अवसाद हिंदीतला, टाकून द्या' म्हणणाऱ्या शुद्धिवाद्यांनी गीता उघडावी. 'खिन्नता' सुचवणाऱ्या कोशकारांचं तर मला मुळीच पटत नाही. खिन्नता पाऊस लांबला तरी येते, तिला गोळी लागत नाही.

तेव्हा 'अवसादरोधी' लिहा. आकडीचं औषध मनाच्या आजारावर कसं, याचंही नवल नको. लॅमोट्रिजिन अमेरिकेत १९९४ साली अपस्मारासाठी, म्हणजे आकडीसाठी मंजूर झालं आणि २००३ साली द्विध्रुवी विकारासाठी, ज्यात मन कधी उधाणतं, कधी खचतं. आपल्याकडे तर ही जोडी फार जुनी आहे. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रातल्या तेहतीस व्यभिचारी, म्हणजे येत्या-जात्या, भावांच्या यादीत विषाद आहे आणि अपस्मारही आहे. दोघांच्या मध्ये फक्त औत्सुक्य आणि निद्रा!