आई-बाबांना घेऊन नॉर्वेची फ्योर्ड क्रूझ: कुठल्या सहलींना पैसे घालावेत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जूनमध्ये साउथँप्टनहून सात रात्रींची क्रूझ, थांबे स्टाव्हांगर, फ्लोम, गायरांगर आणि बर्गेन. आई-बाबा नाशिकहून येणार. बाबा सत्तरी ओलांडलेले, निवृत्त इंजिनिअर, गुडघे दुखतात. आई शाकाहारी. जहाजाच्या सहलींची यादी बघून डोळे फिरलेत, आणि वर ‘आजच घ्या’ म्हणणारी पॅकेजेस.

आम्ही सासूबाईंना घेऊन याच बाजूला गेलो होतो, त्यामुळे ही यादी माझ्या ओळखीची आहे. प्रत्येक बंदराखाली ढीगभर सहली आणि सगळ्यांचा फोटो साधारण एकच. मी त्यात एवढंच बघते: जहाज जिथे लागतं तिथून ती जागा किती लांब आहे आणि किती उंच? चालत जाता येत असेल तर बसचे पैसे कशाला भरायचे? या हिशेबाने तुमच्या चारपैकी दोन बंदरांत सहल नाही घेतली तरी काही बुडत नाही. एका ठिकाणी स्वतःचं तिकीट काढा. जहाजाची सहल मी फक्त गायरांगरला घेईन.

गायरांगर हे जेमतेम दोन-अडीचशे वस्तीचं गाव, पंधरा किलोमीटर लांबीच्या फ्योर्डच्या, म्हणजे उंच कड्यांमधून आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाडीच्या, टोकाला. मोठ्या जहाजाला लागेल असा पक्का धक्का तिथे नाही. काही जहाजं तरंगत्या पुलाला लागतात आणि लोक चालत उतरतात, बाकीची पाण्यातच नांगर टाकून टेंडर बोटींनी माणसं किनाऱ्यावर सोडतात. टेंडरला आधी जहाजाच्या सहलीवाल्यांना सोडतात. स्वतःच्या जिवावर जाणाऱ्यांना नंबराची चिठ्ठी मिळते आणि त्यांचा सकाळचा बराच वेळ लाउंजमध्ये जातो. बाहेरच्या कंपनीची दहाची बस ठरवलेली असेल आणि तुम्ही साडेदहाला किनाऱ्यावर पोचलात, तर बस तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून इथे जहाजाकडून सहल घेण्याला अर्थ आहे. बाबांना टेंडरमध्ये चढताना एक पाऊल जपून टाकावं लागेल, खलाशी दोन्ही बाजूंनी हात धरतात. तरी आपल्या जहाजाचा बेत टेंडरचा आहे की पुलाचा, हे कंपनीला आत्ताच विचारून ठेवा.

सहल घ्यायची ती डाल्सनिब्बाची. समुद्रसपाटीपासून जवळपास १,५०० मीटर उंच आणि बस थेट माथ्यापर्यंत जाते, गुडघ्यांचा प्रश्न येत नाही. वाटेत फ्ल्यूडाल्सयूवेचा कडा लागतो. गायरांगरच्या जाहिरातींत खाली खेळण्याएवढं जहाज दिसतं तो फोटो बरेचदा इथला. त्याहून वर एक तळं आहे, ते जूनमध्येही पुष्कळदा गोठलेलं असतं. खाली स्वेटरवर भागतं आणि माथ्यावर कानटोपी लागते. काही सहली याच फेरीत समोरच्या डोंगरावरचा अकरा वळणांचा ‘गरुड रस्ता’ही जोडतात. तशी मिळाली तर तीच घ्या. यात धोका ढगांचा. माथा ढगात असला तर वर पांढऱ्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. त्यामुळे बुक करताना कधीपर्यंत रद्द करता येतं ते वाचा आणि त्या मुदतीच्या आत हवामानाचा अंदाज बघा. गावातली ‘धबधब्याची पायवाट’ मात्र सोडून द्या. धबधब्याच्या कडेने तीनशेवर पायऱ्या आहेत आणि उतरताना गुडघे बोलायला लागतात.

आता जी गोष्ट यादीत कुठेच नसते ती सांगते. गायरांगरचा सगळ्यात भारी कार्यक्रम म्हणजे तुमचं जहाज त्या फ्योर्डमध्ये शिरतं आणि बाहेर पडतं ते. तिकिटात आलेलाच आहे. शिरताना ‘सात बहिणी’ नावाचे धबधबे डावीकडे, आणि त्यांच्यासमोर उजवीकडे ‘मागणी घालणारा’ नावाचा एकटा धबधबा. सातही बहिणी नकार देत राहिल्या, अशी तिथली गोष्ट. जूनमध्ये वरचा बर्फ वितळत असतो म्हणून पाण्याला जोर असतो. उन्हाळा सरत आला की त्यातल्या काही बहिणी गायब होतात. कड्यांच्या कपारीत ओस पडलेली शेतघरं दिसतात, स्कागेफ्लो, क्निव्हस्फ्लो अशी. लहान मुलं खाली पडू नयेत म्हणून त्यांना दोरीने बांधून ठेवत, असं सांगतात. हे सगळं जहाज आत शिरताना पहाटे घडतं आणि तेव्हा अर्धं जहाज झोपलेलं असतं. गजर लावा. बाल्कनीची केबिन असली तरी उघड्या डेकवर जा, कारण बाल्कनीतून एकच बाजू दिसते. सासूबाई शाल गुंडाळून, हातात चहाचा कप धरून पुढच्या डेकवर उभ्या होत्या. त्यांना या सहलीतलं आजही आठवतं ते एवढंच.

याच कारणासाठी जहाज निघायच्या वेळेला रात्रीचं जेवण, शो, स्पा यांतलं काहीही बुक करू नका. जूनमध्ये त्या भागात रात्री दहानंतरही चांगला उजेड असतो, जेवायला नंतर जाता येतं. जेवणाची वेळ ठरलेली नसलेला पर्याय मिळत असेल तर तोच घ्या.

मोठी जहाजं या अरुंद फ्योर्डांत अशी कायम येत राहणार नाहीत. गायरांगरफ्योर्ड आणि फ्लोमजवळचा नॅरॉयफ्योर्ड २००५पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत. नॉर्वेने या वारसा भागातल्या फ्योर्डांत प्रवासी जहाजांना शून्य उत्सर्जनाची अट घातली आहे. १०,००० टनांखालच्या जहाजांना ती १ जानेवारी २०२६पासून लागू, मोठ्यांना २०३२पर्यंत सवलत. फ्लोमचा फ्योर्डही त्यातच येतो. एवढ्याशा गावात एका सकाळी तीन-चार हजार माणसं उतरतात आणि वर धुराचा पट्टा तरंगत राहतो, ते पाहिल्यावर मला हा नियम योग्यच वाटला, मी स्वतः त्याच जहाजातून उतरलेली असले तरी.

फ्लोमला आगगाडी. इथे बाबांना खुश करायची संधी आहे. फ्लोम ते म्यूरडाल हे वीस किलोमीटर, समुद्राच्या पातळीवरून ८६६ मीटरपर्यंत, वीस बोगदे. बरेचसे बोगदे हाताने खोदलेले. मार्ग १९४० साली सुरू झाला. नाशिकच्या माणसाला कसारा घाट सांगावा लागत नाही. तिथला चढ ३७ला १, म्हणजे ३७ मीटर पुढे गेल्यावर एक मीटर वर, आणि गाडीला मागून बँकर इंजिनं लावावी लागतात. फ्लोमचा चढ १८ला १ आहे, आणि तोही साध्या रुळांवर, मधल्या दात्यांच्या रुळाशिवाय. एवढं सांगितलंत की बाबा बाकीची माहिती स्वतःच काढतील. मधे एका धबधब्यापाशी गाडी थांबते, सगळे फलाटावर उतरतात, आणि उन्हाळ्यात तिथे कड्यावर लाल कपड्यांतली एक बाई गाण्यावर नाचते. नॉर्वेच्या लोककथांतली ही भुलवणारी वनकन्या. नवऱ्याचं म्हणणं, हिंदी सिनेमावाल्यांनी हे बघितलं तर मानधन मागतील.

जाऊन-येऊन साधारण दोन तास लागतात आणि स्टेशन धक्क्याला लागूनच आहे. त्यामुळे जहाज चुकायची भीती कमी, आणि म्हणूनच तिकीट स्वतः रेल्वेच्या साइटवरून काढावं. फक्त क्रूझच्या दिवशी क्रूझ कंपन्या आधीच बऱ्याच जागा धरून ठेवतात, म्हणून ते आत्ताच बघा. उरलेल्या वेळात स्टेगास्टाइनची छोटी बस आहे. फ्योर्डवर ६५० मीटर उंचीला तीस मीटर लांब लाकडी मंच, टोकाला फक्त काच. रस्ता अरुंद आणि वळणांचा, आईंना गाडी लागत असेल तर नको. आगगाडीत जागा मिळालीच नाही, तर नॅरॉयफ्योर्डची बोट घ्या. तो इतका चिंचोळा आहे की तुमचं मोठं जहाज त्यात जात नाही. बोटीने गुडवांगेनपर्यंत आणि तिथून बसने परत. खरं सांगायचं तर मी एकटी असते तर गाडीऐवजी हेच केलं असतं, पण बाबांसाठी गाडी.

बर्गेनला काहीही बुक करू नका. ब्रुग्गेनची लाकडी घरं, म्हणजे हान्सा या जुन्या व्यापारी संघाच्या जर्मन व्यापाऱ्यांची पेठ, स्कोल्टेनच्या धक्क्यापासून चालत पंधरा मिनिटांच्या आत आहे आणि रस्ता सपाट. जहाज दुसऱ्या धक्क्याला लागलं तर शटल बस असते. १७०२च्या आगीनंतर पुन्हा बांधलेली ही घरं १९७९पासून जागतिक वारसा आहेत. दर्शनी भागापाशी फोटो काढून परत फिरू नका, मागच्या बोळांत शिरा. तिथून जवळच फ्लॉयबानेन, १९१८पासून चालू असलेली डोंगरावरची केबल रेल्वे. सहा मिनिटांत ३२० मीटरवर नेते आणि वर सपाट रस्ते आहेत. तिकीट ऑनलाइन काढा आणि लवकर जा, दहा वाजता रांग रस्त्यापर्यंत येते. मासळी बाजार महाग आहे आणि आईंना वास सहन होणार नाही. त्याऐवजी दालचिनीचा मोठा बन घ्या. पाऊस मात्र गृहीत धरा. बर्गेनचा वर्षाचा पाऊस साधारण मुंबईएवढाच, पण तो चार महिन्यांत न संपता वर्षभर पुरवून पडतो. छत्रीपेक्षा टोपीचा रेनकोट बरा.

स्टाव्हांगरला जहाज जुन्या वस्तीच्या पायथ्यालाच लागतं. पांढऱ्या लाकडी घरांच्या गल्ल्या, दगडी फरशी, थोडा चढ. यादीत ‘प्रेकेस्टोलेन’ दिसेल, ल्यूसेफ्योर्डवर ६०४ मीटर उंच उभा असलेला सपाट कडा. तिथे पायी चढावं लागतं, जाऊन-येऊन आठ किलोमीटर, चार-एक तास. बाबांसाठी अजिबात नाही. बोटीतून खालून तो दिसतो, पण खालून तो एक लहानसा चौकोन वाटतो आणि बरेच जण ‘हाच का तो?’ विचारतात. बाबांसाठी पेट्रोलियम संग्रहालय जास्त चांगलं. १९६९मध्ये उत्तर समुद्रात एकोफिस्कला तेल सापडलं आणि मासे डब्यात भरणाऱ्या या गावाचं तेलाच्या राजधानीत रूपांतर झालं, ती सगळी यंत्रसामग्री तिथे हाताळता येते. इंजिनिअर माणूस तीन तास बाहेर येत नाही.

सहलींच्या वर्णनात ‘पॅनोरॅमिक’ दिसलं की समजा, बसच्या खिडकीतून बघायचं आहे, उतरायचं फारसं नाही. गुडघे दुखणाऱ्याला हे सोयीचंही असतं. चालण्याची पातळी दाखवणारं चिन्ह असतं, ते एक पायरी वरचं धरून चाला, कारण ‘सोपं’ म्हणजे त्यांच्या सत्तरीच्या माणसाला सोपं. जहाजाच्या सहलीला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः फिरायला गेलात तर थांबत नाही, म्हणून परतायच्या वेळेआधी तासभर धक्क्यावर असा. नॉर्वे इंग्लंडच्या एक तास पुढे आहे. फोन स्वतःहून घड्याळ बदलतो, जहाज कधी बदलतं, कधी नाही. बाबांच्या मनगटावरचं घड्याळ जहाजाच्या वेळेला लावून द्या.

आता जहाजावरचं. दारूचं पॅकेज तुम्हाला नको. बऱ्याच कंपन्यांत ते एका केबिनमधल्या सगळ्या प्रौढांनी घ्यावं लागतं, आणि चहा, साधी कॉफी, पाणी तसंही बुफेत मिळतं. स्पामधला गरम पाण्याचा आणि वाफेचा विभाग पूर्ण आठवड्यासाठी विकायचा प्रयत्न करतात. घ्यायचाच तर उत्तर समुद्रातल्या दिवसाचा एक दिवसाचा पास मागा, बाबांच्या गुडघ्यांना बरं वाटेल. बंदराच्या दिवशी तिथे जायला वेळ कुणाला असतो?

शाकाहाराची नोंद बुकिंगच्या वेळीच करा, आणि पहिल्या रात्री जेवणाच्या हॉलमधल्या मुख्य वेटरला जाऊन भेटा. दुसऱ्या दिवशीचा मेनू आदल्या रात्री दाखवून वेगळं काही करून देणं त्यांना नवं नसतं. पी अँड ओ या क्रूझ कंपनीच्या काही जहाजांवर ‘सिंधू’ हे भारतीय रेस्टॉरंट आहे, त्याचे वेगळे पैसे पडतात. पण खरी सोय वेगळीच. अशा जहाजांच्या स्वयंपाकघरात आणि केबिनच्या सेवेत गोव्याची, मुंबईची माणसं भरपूर असतात. आईंनी मराठीत एकदा विचारपूस केली की वरण-भाताची व्यवस्था होते, असा माझा अनुभव. सासूबाईंना तर मिरचीचा ठेचाही मिळाला, कुठून ते विचारलं नाही.

फोन जहाजावर चढताच एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात तो जहाजाच्या सॅटेलाइट नेटवर्कला जोडला जातो आणि ते बिल तुमच्या रोमिंग योजनेत बसत नाही. नॉर्वेत रोख क्रोनर जवळजवळ लागतच नाहीत, सगळीकडे कार्ड चालतं.

आणि सहलींच्या आधी व्हिसा. भारतीय पासपोर्टवर आई-बाबांना ब्रिटनचा आणि शेंगेनचा असे दोन्ही व्हिसा लागतील, आणि ब्रिटनमध्ये परत यायचं असल्याने तिथला व्हिसा एकाहून जास्त वेळा प्रवेश देणारा हवा. तुमचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर शेंगेन तुम्हालाही. सगळी बंदरं नॉर्वेची आहेत, म्हणून अर्ज नॉर्वेसाठी करायचा. उन्हाळ्याच्या आधी अपॉइंटमेंट मिळायला वेळ लागतो, तेव्हा डाल्सनिब्बाच्या बसआधी ती तारीख धरा.