बार्बाडोसला जा, पण मुलाची एफडी आणि नाताळचा आठवडा सोडून

प्रश्न नाशिकच्या एका वाचकांचा आहे, थोडक्यात असा: वय 52, पत्नी शिक्षिका, दोघांचा मिळून हातात येणारा पगार 1 लाख 95 हजार. येत्या 24 डिसेंबरला लग्नाला 25 वर्षं होतात. एका टूर एजंटाने बार्बाडोसच्या सात रात्रींचं ‘लक्झरी ऑल इन्क्लुझिव्ह’ कोटेशन दिलंय, दोघांचे 16 लाख 80 हजार. 9 लाखांची एफडी मोडायची आणि उरलेल्यासाठी 8 लाखांचं पर्सनल लोन काढायचं, असा विचार आहे. एजंट म्हणतो, 15 मार्चच्या आत बुकिंग केलं तरच हा भाव. जावं का?

जावं. आधी हे सांगून टाकतो, कारण माझ्या, म्हणजे आर्थिक सल्ल्याच्या, व्यवसायातली माणसं अशा पत्राला ‘त्यापेक्षा हे पैसे एसआयपीत टाका’ असं उत्तर देतात आणि समोरच्याचा विरस करतात. पंचवीस वर्षं तुम्ही दोघांनी महाबळेश्वर आणि एकदा केरळ यापलीकडे काही केलं नाही, असं तुम्हीच लिहिलंय. माझा आक्षेप तुमच्या इच्छेवर नाही, त्या कोटेशनवर आणि पैसे कुठून आणायचे यावर आहे.

एफडीपासून सुरुवात करू. मुलगा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि 2027 च्या ऑगस्टमध्ये त्याला एमएससाठी अमेरिकेला जायचंय, असं पत्राच्या शेवटून दुसऱ्या ओळीत तुम्ही सहज लिहून गेलात. विद्यापीठाकडून आय-20 (विद्यार्थी व्हिसासाठी लागणारा प्रवेशाचा कागद) घेताना आणि व्हिसाच्या मुलाखतीला जाताना पहिल्या वर्षाच्या खर्चाइतके पैसे आहेत हे दाखवावं लागतं. त्या कागदांच्या गठ्ठ्यात सगळ्यात वर तुमची हीच 9 लाखांची एफडी असणार आहे. ती डिसेंबर 2026 मध्ये मोडलीत, तर पुढच्या उन्हाळ्यात शैक्षणिक कर्जाची रक्कम तेवढीच वाढेल. म्हणजे सहलीचा हप्ता मुलगा भरेल.

आता पर्सनल लोन. 8 लाख, 14 टक्के, तीन वर्षं. हप्ता येतो साधारण 27,340 रुपये आणि एकूण व्याज 1 लाख 84 हजार. तेवढ्यात एक माणूस मुंबईहून बार्बाडोसला जाऊन परत येतो. घराचा हप्ता 24 हजार, घरखर्च 70 हजार, एसआयपी 35 हजार आणि मुलाची फी-हॉस्टेल धरून महिन्याला 25 हजार, हे वजा करता तुमच्याकडे 41 हजार उरतात. त्यातले सत्तावीस हजार बँकेला गेले, तर मुलगा परदेशी असतानाची पहिली दोन वर्षं तुम्ही अगदी काठावर चालाल.

एजंटाच्या घाईबद्दल बोलायलाच हवं. कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात ‘टीसीएस वेगळा’ असं आहे, म्हणजे विकणाऱ्याने तुमच्याकडून आगाऊ वसूल करून सरकारकडे भरायचा आयकर. परदेशी टूर पॅकेजवर 31 मार्च 2026 पर्यंत 10 लाखांपर्यंत 5 टक्के आणि त्यावर 20 टक्के टीसीएस लागतो. तुमच्या रकमेवर तो होतो 1 लाख 86 हजार. 2026 च्या अर्थसंकल्पाने 1 एप्रिलपासून हा दर सरसकट 2 टक्के केलाय, म्हणजे 33,600. टीसीएस हा काही खर्च नव्हे. तो तुमच्या आयकरात वळता होतो, आणि कंपनीला कळवलंत तर पगारातला टीडीएसही त्या प्रमाणात कमी कापून घेता येतो. पण दीड लाख रुपये विनाकारण अडकवून ठेवायचे कशासाठी? 15 मार्चची मुदत एजंटाच्या सोयीची आहे. पाच टक्के जीएसटी भावात धरलाय की वरून लागणार, तेही त्याला विचारा. कोटेशनवर त्याचा उल्लेखच नाही.

आणखी एक गोष्ट त्यात नाही, ती मला जास्त खुपली. भारतीय पासपोर्टवर बार्बाडोसला पर्यटक म्हणून जायला आधी व्हिसा लागत नाही. एजंटाने ‘व्हिसा फ्री’ मोठ्या अक्षरात छापलंय ते खरंच आहे. पण तुम्हाला नेणारं विमान लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरवतं आणि पुढचं विमान तिथल्याच गॅटविक या दुसऱ्या विमानतळावरून आहे. एका विमानतळावरून दुसऱ्यावर जायचं तर ब्रिटनमध्ये पाऊल टाकावं लागतं, आणि त्याला व्हिसा लागतो. अमेरिकेमार्गे गेलात तर विमान बदलण्यापुरताही अमेरिकेचा व्हिसा लागतो. हा खर्च आणि बायोमेट्रिकच्या चकरा तुमच्या माथी.

बरं, 16 लाख 80 हजार नेमके कशाचे आहेत? नाताळ ते नवं वर्ष हा कॅरिबियनमधला सगळ्यात महाग आठवडा. मधल्या डिसेंबरपासून मधल्या एप्रिलपर्यंत हंगाम, आणि त्याचा कळस तुमच्या तारखेला. दुसरं, ‘ऑल इन्क्लुझिव्ह’मध्ये सात दिवस हवी तेवढी रम, कॉकटेल, लॉबस्टर. वहिनी माळकरी, आणि तुम्ही सोमवार, गुरुवार, शनिवार नि चतुर्थी पाळता. कुणाच्या रमचे पैसे भरताय?

तिसरी गोष्ट तिथे गेलेल्यालाच कळते. बार्बाडोसमधले सगळे समुद्रकिनारे कायद्याने सार्वजनिक आहेत. पश्चिम किनाऱ्यावर सँडी लेनसारखी हॉटेलं आहेत, रात्रीचं भाडं ऐकून घाम फुटेल अशी. पण त्यांच्यासमोरच्या वाळूवर आणि त्या निळ्याशार, तलावासारख्या शांत पाण्यावर त्यांचा हक्क नाही. दोन बंगल्यांच्या भिंतींमधून बोळ काढलेले असतात. टॉवेल खांद्यावर टाकून त्यातून जायचं. हॉटेल तुम्हाला विकतं ती छत्री, खुर्ची आणि ‘काही हवंय का’ विचारणारा माणूस. तेही सुख आहे, नाही म्हणत नाही. पण सात दिवस? दोन दिवसांत त्याची सवय होते, आणि सवय झाली की त्याचं सुख वाटेनासं होतं.

म्हणून माझा हिशेब असा. 2027 च्या एप्रिलचा शेवटचा आठवडा धरा. दर उतरलेले असतात, हवा कोरडी असते आणि वादळांचा मोसम 1 जूनला सुरू होतो. (मुलगा शेवटच्या परीक्षेत असेल, आईबाप डोक्यावर नसणं त्याला चालेल.) या दिवसांत एक त्रास असतो, तो लपवत नाही: सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ अटलांटिकमधून वाहत येतं आणि पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर थर साचतो, वासही येतो. पश्चिम किनारा बहुधा त्यातून सुटतो. तेव्हा पहिल्या पाच रात्री होलटाऊनच्या आसपास स्वयंपाकघर असलेली साधी जागा आणि शेवटच्या दोन रात्री समुद्रासमोरचं भारी हॉटेल. आधी भारी आणि मग साधं, असं कधी करू नका.

डॉलर 90 रुपये धरून आकडे: विमान दोघांचं 3 लाख. राहणं, पाच रात्री 180 डॉलरने आणि दोन रात्री 900 ने, कर आणि सेवा शुल्कासह 3,000 डॉलर, म्हणजे 2 लाख 70 हजार. जेवण आणि टॅक्सी 95 हजार. कासवांसोबत पोहण्याची होडी, हॅरिसनची गुहा वगैरे 45 हजार. ब्रिटनचा व्हिसा आणि विमा 45 हजार. झाले 7 लाख 55 हजार. वर दहा टक्के गाठीला, म्हणजे 8 लाख 30 हजार. कोटेशनच्या निम्म्याहून कमी.

हे पैसे उभे कसे राहतील? मार्चपासून दरमहा 40 हजार लिक्विड फंडात, म्हणजे हवे तेव्हा पैसे काढता येतील अशा म्युच्युअल फंडात. पुढच्या एप्रिलपर्यंत चौदा हप्ते, 5 लाख 60 हजार. दिवाळीला दोघांचा मिळून तीनेक लाख बोनस येतो म्हणता, त्यातले 2 लाख 70 हजार. डिसेंबरमध्ये विमानाची तिकिटं काढायला तोवर पुरेसे जमलेले असतील. एसआयपी चालू, 4 लाखांच्या अडीअडचणीच्या रकमेला हात नाही, एफडी जागेवर. बोनस कमी आला तर इक्विटी म्युच्युअल फंडातून लाख-दीड लाख काढा; वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नाही. एकच अट: या चौदा महिन्यांत महिन्याला फक्त हजार रुपये मोकळे राहतात. नवी गाडी, नवा फोन पुढे ढकला. हे जमणार नसेल तर मला आत्ताच सांगा, आपण सहल 2028 वर नेऊ.

विम्याबद्दल हात राखू नका. 2024 च्या जूनमध्ये टी-20 विश्वचषकाची फायनल बघायला मी बार्बाडोसच्या राजधानीत, ब्रिजटाऊनला होतो. 29 जूनला केन्सिंग्टन ओव्हलवर आपण जिंकलो, आणि दुसऱ्या दिवशी बेरिल वादळापायी विमानतळ बंद झाला. भारतीय संघही तिथेच अडकला होता हे तुम्हाला आठवत असेल. त्यांच्यासाठी खास विमान आलं, माझ्यासाठी नाही. हॉटेलातल्या मुलाने खिडक्यांना फळ्या ठोकल्या, बाथटब पाण्याने भरून ठेवायला सांगितला, आणि तीन रात्रींचं भाडं मी खिशातून दिलं. विमा होता. पण उड्डाण रद्द झाल्याचं विमान कंपनीचं पत्र मी त्या गडबडीत घेतलं नाही आणि दावा फेटाळला गेला. हे मी, लोकांना विमा शिकवणारा. एप्रिलमध्ये वादळ नसतं, पण पत्र कुठल्याही महिन्यात मागून घ्या.

तिथला डॉलर 1975 पासून अमेरिकन डॉलरला दोन असा बांधलेला आहे, आणि अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात. त्यामुळे भाव ऐकला की आधी ‘कुठला डॉलर?’ हे विचारायचं. बसचं तिकीट कुठूनही कुठेही साडेतीन बार्बाडोस डॉलर, सरकारी बसमध्ये सुटे लागतात. कार्डयंत्र ‘रुपयांत देऊ का’ असं विचारेल, नाही म्हणा. आपल्या बहुतेक क्रेडिट कार्डांवर परदेशात साडेतीन टक्के आणि त्यावर जीएसटी लागतो, म्हणून फॉरेक्स कार्ड (परकीय चलन आधीच भरून ठेवलेलं कार्ड) न्या.

वहिनींच्या जेवणाची काळजी लिहिलीत. तिथे कूकू नावाचा पदार्थ असतो, मक्याचं पीठ आणि भेंडी घोटून केलेला, आपल्या उकडीची लांबची बहीण. एरवी त्यावर मासा वाढतात, तो नको म्हणून सांगायचं. भाजलेला नीरफणस मिळतो. बाकी स्वयंपाकघर आहेच, मेतकूट घरून न्या. शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या मासळीबाजारात गाणीबजावणी आणि भाजलेल्या माशांची गर्दी असते; तुम्हाला शुक्रवार मोकळा आहे. पूर्वेकडचं बाथशेबा बघायला जा, पोहायला नाही. आणि फोटोत तुम्ही घातलीय ती लष्करी छापाची थ्री-फोर्थ घरीच ठेवा. बार्बाडोसमध्ये सामान्य माणसाने तो छाप घालणं गुन्हा आहे.

एजंटाला एवढंच कळवा की 15 मार्चला बुकिंग करत नाही. तो भाव उतरवून परत फोन करेल. केला, तर नवं कोटेशन मला पाठवा, हीथ्रो-गॅटविकची ओळ बदललीय का ते पाहून सांगतो.